नऊ घरं, ३० एकर माळ आणि एक अर्धी विहीर : एकत्र कसायचं ठरवतोय, सल्ला हवा

मुरमाड_माळ

नमस्कार. इथं चार वर्षं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

बीड जिल्ह्यातलं डोंगरकडेचं आमचं गाव. आमची नऊ घरं. त्यातल्या सहा घरांना आजोबांच्या काळात सीलिंगमधून (कमाल जमीन धारणा कायद्यातून) निघालेली जमीन मिळाली, घरटी ३ एकर. तीन घरांना अलीकडं सरकारच्या भूमिहीनांसाठीच्या सबलीकरण योजनेतून ४ एकर कोरडवाहू मिळाली. दोन्ही जमिनी एकमेकींना लागून, मिळून ३० एकर. सगळा उताराचा मुरमाड माळ. मधोमध एक विहीर, २५ फुटांवर काम थांबलेली.

सीलिंगची जमीन सातबाऱ्यावर आमची, पण तीस वर्षं गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं बटाईनं होती. दसरा झाला की आम्ही कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो, परत येतो ते पाडव्याच्या पुढंमागं. बैल नाहीत. बियाण्याला पैसे लागले की ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घ्यायची, आणि उचल घेतली की पुन्हा कोयता ठरलेलाच. माझ्या वडिलांनी स्वतःच्या जमिनीत स्वतः पेरलेलं मी दोनदाच पाहिलंय.

यंदा पाच घरांनी पुढच्या हंगामाची उचल घ्यायची नाही असं ठरवलंय. बटाई मोडली. एकेकट्यानं तीन-तीन एकर करायला गेलो तर दोन वर्षांत पुन्हा तिथंच येऊ, म्हणून तीसच्या तीस एकर एकाच औताखाली आणायची. सोसायटी काढावी असा विचार आहे.

अडचण अशी की नोंदणीला दहा माणसं लागतात आणि आम्ही नऊ घरं. दहावी एक मावशी आहे. विधवा आहे. आमच्या बांधाला लागून गायरान आहे, त्यात तिच्या सासऱ्यानं दगड वेचून दोन एकर वहितीखाली आणली, ती ती कसते. सातबारा नाही. तिला घ्यावं असं निम्म्यांना वाटतं. बाकीचे म्हणतात, उद्या तिचं अतिक्रमण काढलं तर आपण सगळे गोत्यात येऊ.

कुणी असं केलंय का? आणि हे मोडतं ते नेमकं कशावर?

कुळकथा

दादा, तुमचा प्रश्न वाचून मन भरून आलं. सल्ला देण्याइतका शेतीचा अनुभव मला नाही, पण तुम्ही जिथं उभे आहात तिथपर्यंत गोष्ट कशी आली ते थोडं सांगतो. तुमच्यातल्या तरुण मुलांना वाचून दाखवा.

'कसेल त्याची जमीन' हे आपण ऐकत आलो. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी खरोखरच लाखो कुळांना मालक केलं. पण त्या कायद्यातलं 'कूळ' म्हणजे खंडानं किंवा वाट्यानं जमीन करणारा. मजुरीवर राबणारा, सालानं राहणारा गडी त्या व्याख्येत बसतच नव्हता. सगळ्यात जास्त जो कसत होता तोच बाहेर राहिला. त्यातही गावकीनं कुणाला खंडानं जमीन द्यायची आणि कुणाला फक्त बांधावर उभं करायचं, हे जातीवरून ठरलेलं होतं.

म्हणून १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो पुन्हा देशभर झाला. पडीक सरकारी जमीन, गायरान आणि सीलिंगची जमीन भूमिहीनांना द्या, हीच मागणी. बायका कडेवरची पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. तुमच्या मावशीच्या सासऱ्यानं गायरानात दगड वेचले, ते या आंदोलनाच्याच वाटेवर.

सीलिंगचा कायदा आपल्याकडं १९६१ चा, पण त्याला खरी धार १९७५ च्या दुरुस्तीनं आली. कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर आणि बारमाही बागायताची १८ एकर झाली. तोवर कित्येकांनी नावावर नावं चढवून जमिनी वाटून ठेवल्या होत्या. सोडायची वेळ आली तेव्हा माळ सोडला, मळा ठेवला. तुमच्या वाट्याला मुरूम का आला, त्याचं उत्तर यात आहे.

एकत्र शेतीचा विचारही आपल्याकडं जुना आहे. १९४७ साली घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातीचा भेद न करता द्यावी आणि त्यांनी ती सामूहिकपणे कसावी, असं मांडलं होतं. जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको. पुढं जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. त्यावर चरणसिंग यांनी कडाडून टीका केली, आणि त्याच साली स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षानंही या ठरावाला जोरदार विरोध केला. ठराव कागदावर राहिला. त्या काळात नोंदलेल्या संयुक्त शेती संस्थांमध्ये कित्येक तर जमीनवाल्यांनीच नातलगांना सभासद करून काढल्या होत्या. अनुदानही मिळालं आणि कूळकायदा, सीलिंग यातून जमीनही वाचली.

तुम्ही करताय ते त्याच्या उलट आहे. इथं कसणारेच सभासद आहेत.

फेरफार

महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सरळ मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट, बटाई मोडली हे फार चांगलं केलंत, आणि आता ती पुन्हा कधीही करू नका. सीलिंगमध्ये वाटप झालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते. सीलिंग कायद्याच्या कलम २९ प्रमाणे कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता किंवा पट्ट्यानं देता येत नाही. बटाई दाखवून कुणी शर्तभंगाचा अर्ज केला तर जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार असते. बहुतेक वेळा असा अर्ज करतो तोच, ज्यानं इतकी वर्षं बटाईनं खाल्लेलं असतं. त्याच्याशी बोलणं गोड ठेवा, कागद मात्र पक्के ठेवा.

याचाच दुसरा अर्थ असा की जमीन सोसायटीच्या नावावर करायच्या भानगडीत पडू नका. सहकारी शेतीचे जुने चार प्रकार आहेत: सुधारित, कूळ, संयुक्त आणि सामूहिक. सामूहिक संस्थेत जमीन संस्थेकडं असते. संयुक्त शेतीत सातबारा ज्याचा त्याच्या नावावर राहतो, फक्त कसणं एकत्र होतं. तुमचं या संयुक्त प्रकारात बसतं. तरीही काही लिहून सही करण्याआधी तहसीलदारांकडं लेखी अर्ज द्या: आम्ही वर्ग २ चे भोगवटादार स्वतः एकत्र येऊन कसणार आहोत, हस्तांतर नाही. पोच घ्या. उत्तर येवो न येवो, पोच असली की उद्या तोंड उघडता येतं.

दुसरी गोष्ट, मोजणी. मोजणीशिवाय एक काडीही एकत्र करू नका. नऊ गट नंबरांची हद्द कायम करून घ्या, दगड रोवा, नकाशाची 'क' प्रत घरात ठेवा. एकत्र कसताना बांध फोडले जातात. पाच वर्षांनी एखादं घर बाहेर पडायचं म्हणालं तर त्याची जमीन कुठं सुरू होते हे सांगणारं काहीच उरत नाही. बांध फोडा, पण दगड उपटू नका.

आणि पीक एकत्र असलं तरी ई-पीक पाहणी प्रत्येकानं आपापल्या गटावर, आपापल्या नावानं करायची. हे विसरलात तर विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या वेळी रडाल.

मुरमाड_माळ

फेरफार साहेब, खूप आभार. बटाईवाल्याचं तुम्ही अचूक ओळखलंत. परवा पारावर तो म्हणाला, "बघू किती दिवस टिकतंय."

मावशीच्या गायरानाचं काय करावं, तेही सांगता का?

फेरफार

सासऱ्याचं अतिक्रमण कधीपासूनचं आहे ते बघा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली, भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं होतं. पुरावा म्हणजे गाव नमुना १-ई (सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही) मधली नोंद, दंडाच्या पावत्या, जुन्या पीकपाहणीच्या नोंदी. मावशीच्या घरात पत्र्याच्या पेटीत पिवळ्या पावत्या असतील तर त्यांच्या झेरॉक्स आजच काढा. त्या पावत्या म्हणजे तिचा सातबारा समजा.

२०११ नंतर वारं फिरलं हेही खरं. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, आणि आपल्या राज्यानंही त्याच वर्षी तसा निर्णय काढला. पण त्या निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं रीतसर दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. मावशीचा दावा मेलेला नाही. फक्त तो तुमच्या ३० एकरांत मिसळू नका. तिची दोन एकर वेगळी ठेवा, तिला मात्र सोबत घ्या.

जुनी_वही

मुरमाड_माळ, बाळा, "मोडतं कशावर" असं विचारलंस. मी मोडलेल्या संस्थेचा सेक्रेटरी होतो. ८० च्या दशकात आमच्या १४ घरांची सोसायटी होती, जमीन सीलिंगचीच. सहा वर्षं चालली.

लोकांना वाटतं अशा संस्था आळशी माणसांमुळं मोडतात. आमच्यात आळशी कुणी नव्हतं. ज्यांनी दुसऱ्याच्या रानात बारा-बारा तास काढलेत ती माणसं स्वतःच्या रानात अंग चोरत नाहीत. आमचं मोडलं ते कडब्यावर.

धान्याची वाटणी आम्ही नीट ठरवली होती. कामाच्या दिवसांप्रमाणे निम्मी, जमिनीच्या वाट्याप्रमाणे निम्मी. पायलीनं मोजून द्यायचो. कधी तक्रार आली नाही. पण कडब्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पहिली दोन वर्षं पाऊस बरा होता, कडबा रग्गड, ज्यानं त्यानं लागेल तसा नेला. तिसऱ्या वर्षी दुष्काळी साल. धान्य निम्मं झालं आणि कडबा सोन्याच्या भावाचा. ज्यांच्या दारात गाय-बैल होते त्यांनी आधीच उचलला. ज्यांच्याकडं जनावर नव्हतं ते म्हणाले, आमच्या वाट्याचा विकून आम्हाला पैसे द्या. बैलवाले म्हणाले, याच बैलांनी तुमचं रान नांगरलं, ते उपाशी ठेवायचे का? दोघांचंही खरं होतं. एका पावसाळ्यात भावकी फुटली.

दुसरं, इंजिनाचं कर्ज. संस्थेच्या नावावर एका बँकेचं कर्ज काढून पाण्याचं इंजिन घेतलं. विहिरीला पाणी चार महिने, हप्ता बारा महिने. आधी पाणी बघायला हवं होतं, इंजिन नंतर. बँकेच्या माणसानं कर्ज घ्या म्हणून आग्रह केला, आम्हालाही आपण मोठे झालो असं वाटलं. वसुलीची नोटीस चेअरमनच्या दारावर लागली तेव्हा तो रात्रीत पुण्याला गेला. आजही बांधकामावर आहे. चांगला माणूस होता.

तिसरं, हजेरी. ती माझ्या हातात होती, म्हणून माझी चूक सांगतो. मी हजेरी संध्याकाळी घरी बसून लिहायचो. कोण होतं, कोण नव्हतं, आठवून. एकदा चुकून एका घराचे तीन दिवस गळाले. पुढं दुरुस्त केलं, पण त्या बाईच्या मनातली अढी शेवटपर्यंत गेली नाही. वही बांधावर लिही. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं वाचून. निरक्षर असेल त्यानं अंगठा नाही दिला तरी चालेल, पण आपलं नाव कानानं ऐकलं पाहिजे.

विळा_खुरपं

काकांनी हजेरीचं लिहिलं म्हणून मला लिहावंसं वाटलं. मी ऊसतोड कामगारांच्या घरातली, आता शाळेत शिकवते.

मुरमाड_माळ भाऊ, तुमच्या पूर्ण धाग्यात "नऊ घरं" आहे. घर काम करत नाही, माणसं करतात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, आणि हिशोब नवऱ्याच्या हातात. तुमच्या सोसायटीतही तेच होणार का? सातबारा आजोबांपासून बापाच्या, बापापासून पोराच्या नावावर. शेअर त्याचा, मत त्याचं. खुरपणी आणि वेचणी मात्र तिची.

मजुरीचा दर काय ठेवणार ते आत्ताच ठरवा. गावात गड्याची रोजी जास्त आणि बाईची कमी, तोच दर तुमच्या वहीत आला तर संस्था उभी राहायच्या आधीच अर्ध्या माणसांना कळेल की इथंही आपलं मोल तेवढंच. नांगरट दोन दिवसांत होते, खुरपणीला वीस दिवस वाकून बसावं लागतं. दिवसाला दिवस धरा.

आणि मावशीबद्दल. ती जमिनीशिवायसुद्धा सभासद व्हायला हवी. तिनं कष्ट दिले तर कष्टांचा वाटा तिचा. "गोत्यात येऊ" म्हणणाऱ्यांना विचारा, तुमच्या आजोबांना सीलिंगची जमीन मिळायच्या आधी ते कोण होते?

ठिबक

सोसायटीच का? आजकाल शेतकरी उत्पादक कंपनी काढतात. तिलाही दहाच उत्पादक लागतात आणि राजकीय लुडबुड कमी. बाजाराशी थेट करार करता येतो. मी एका कंपनीत संचालक आहे.

मात्र दरवर्षी हिशोब तपासनीस, सर्वसाधारण सभा, कंपनी निबंधकाकडं विवरणपत्रं, हे सगळं वेळेत करावं लागतं. उशीर झाला की दंड. ३० एकरांच्या उत्पन्नात तो खर्च झेपणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आमच्यात काहीशे सभासद आहेत म्हणून निभतं. तुम्ही आधी माल एकत्र विकून बघा.

फेरफार

सोसायटीचंही तसंच आहे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण, उपविधी, दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत घालावा लागतो. कागद कमी नाहीत. पण एक माणूस एक मत ही गोष्ट कायद्यानंच दिलेली आहे, आणि ती फार मोलाची आहे. चार एकरवाल्याला आणि मावशीला सारखंच मत. विळा_खुरपं ताईंचा मुद्दा धरून सांगतो: 'वेगवेगळी कुटुंबं' ही अट नोंदणीच्या वेळच्या दहा जणांपुरती आहे. घरातल्या बायकांना नंतर स्वतंत्र सभासद करून घेता येईल असं उपविधी करतानाच लिहून घ्या.

शिवारफेरी

मी पुरंदर भागात पाण्याच्या कामात होतो, त्यामुळं माझी नजर तुमच्या अर्ध्या विहिरीवरच अडकली. बाकी सगळी चर्चा पाण्यावर येऊन थांबेल.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट लोक विसरतात. तिथं पाणी जमिनीला जोडलेलं नव्हतं, माणसाला जोडलेलं होतं. कुटुंबात माणशी अर्ध्या एकराचं पाणी, जास्तीत जास्त अडीच एकर, जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. हातात पाण्याचा वाटा असला की तो दुसऱ्याच्या रानात हक्कानं वाटेकरी होऊ शकतो, मजूर म्हणून जावं लागत नाही. ऊस लावायला बंदी, कारण एकाचा ऊस म्हणजे दहांची ज्वारी. पाणी हक्क विकता येत नाही, जमिनीबरोबर जात नाही.

तुमच्या मावशीचा प्रश्न मला यातूनच सुटतो असं वाटतं. जमिनीत तिचा वाटा धरता येत नाही, तर पाण्यात धरा. विहिरीचं खोदकाम पुरं करताना तिचे कष्ट असतील, पाणी लागल्यावर माणसागणिक तिचा वाटा असेल. उद्या गायरान गेलं तरी तो वाटा जात नाही.

विहिरीसाठी रोजगार हमीतून सामुदायिक अर्ज करता येतो, लागून असलेल्या जमिनीचे एकाहून जास्त धारक मिळून. पण त्याआधी वर चढा. उतारावर समतल चर काढा, बांधबंदिस्ती करा. माळावरचं पाणी माळातच मुरलं नाही तर ६० फूट खोदलंत तरी उन्हाळ्यात तळ दिसेल. पहिलं वर्ष पेरणीपेक्षा या कामाला द्या. बाजरी, तूर, मटकी, हुलगा एवढंच पेरा. कापसाच्या मागं लागू नका.

कुळकथा

शिवारफेरींच्या लिखाणाला जोडून एक आठवलं. सहकारात आपला महाराष्ट्र पुढारलेला आहे, याचा मलाही अभिमान आहे. १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कामानं खेड्यातल्या लहान शेतकऱ्याला मान मिळाला. पण त्या सहकारात उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो आणि ऊस लावायला जमीन. जो ऊस तोडतो तो सत्तर वर्षं दाराबाहेर पालात राहिला.

सीलिंग कायद्यानंतर खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारनं घेतल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ काढलं. मोठी सलग जमीन तुकडे न करता एकत्र ठेवायची, हा विचार होता. पुढं पुष्कळ वर्षांनी खंडकऱ्यांना, म्हणजे ज्यांनी कारखान्यांना खंडानं जमीन दिली होती त्यांना, जमीन परत मिळाली. पण त्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेले कामगार कामगारच राहिले. जमीन एकत्र असणं आणि ती कसणाऱ्यांच्या हातात असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडं दोन्ही आहेत. हे फार थोड्यांच्या वाट्याला आलंय.

गुजरातमध्ये मही नदीकाठी गंभीरा नावाचं गाव आहे. तिथं १९५३ साली सामूहिक शेतीची संस्था निघाली आणि ती पुढं कित्येक दशकं चालली. तिथली रीत लक्षात घेण्यासारखी: सगळ्यांनी मिळून सगळं करायचं असं न ठेवता सभासदांचे छोटे गट केले. रान गटाकडं, सामायिक खर्च आणि सोयी संस्थेकडं. आपल्याकडं गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तर २०१३ साली ग्रामदान कायद्याखाली सगळी खासगी शेतीही ग्रामसभेकडं दिली. तिथली एकी वेगळ्या मुळांची आहे, तशी लगेच होईल असं नाही. पण होतं एवढं कळतं.

पाणंद

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळं एकत्र करूच नका. माणसाला स्वतःचा तुकडा हवा असतो. बापजाद्यांना जन्मात जमीन मिळाली नाही, आता मिळाली तर लगेच एकत्र करा म्हणता? माझ्या चुलत्यानं जमीन मिळाली त्या दिवशी त्या मातीत नुसता झोपून रात्र काढली होती. त्याला "तुझी-माझी सारखीच" म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

सावड करा. आपल्याकडं सावड आणि इर्जिक होतेच की. तुझे बैल माझ्या रानात, माझे तुझ्या. पेरणी एकत्र, मळणी एकत्र, पीक ज्याचं त्याचं.

जुनी_वही

पाणंद, तुझं म्हणणं मला पटतं. आमच्यातही तेच होतं. जो तो मनातल्या मनात आपल्या तीन एकरांकडं बघत होता. पण सावड बैलवाल्यांची असते. बैल ज्याच्याकडं नाहीत तो दिवस देतो. दोन माणसांचे दोन दिवस म्हणजे एका बैलजोडीचा एक, असा हिशोब गावात लावतात. म्हणजे बिनबैलाचा पुन्हा मजूरच झाला की नाही? यांच्या नऊ घरांत बैलजोडी एकही नाही. सावडीत घालायचं काय?

मधला रस्ता काढता येईल. घरटी अर्धा एकर स्वतःचा, घराजवळ किंवा पाण्याजवळ. त्यात भाजी लावा, चार झाडं लावा, हवं तर झोपा. उरलेली एकत्र. आम्ही हे केलं नाही, केलं असतं तर कदाचित टिकलो असतो.

मुरमाड_माळ

तीन आठवड्यांनी लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी छापून आणलं आणि समाजमंदिरात दोन रात्री वाचून दाखवलं. काकांचं कडब्याचं वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

ठरलं ते असं. सोसायटीची नोंदणी यंदा नाही. आधी एक पावसाळा वहीवर चालवायचं, मग नोंदणी. घरटी अर्धा एकर स्वतःचा, त्यावर बरीच भांडणं झाली पण शेवटी तेच ठरलं. उरलेल्या साडेपंचवीस एकरांतली दहा एकरच यंदा पेरायची: बाजरी आणि तूर. बाकीच्या उतारावर चर. दिवसाला दिवस, गड्याचा आणि बाईचा एकच दर. याला दोन घरांचा विरोध होता. एक घर त्यावरून बाहेर पडलं. माझ्या सख्ख्या चुलतभावाचं. त्याचे तीन एकर मधूनच आहेत, त्यामुळं सलग पट्टा तुटला. त्याला रस्ता द्यावा लागेल आणि आम्हाला त्याच्याकडून. रात्री झोप लागली नाही, पण त्याच्या हद्दीचे दगड आम्हीच पुढं होऊन रोवणार आहोत.

म्हणजे आता आठ घरं, घरटीचा अर्धा एकर सोडून २३ एकर. मावशी धरून माणसं मात्र सतरा.

मावशीच्या पेटीत पावत्या निघाल्या. १९८४ आणि १९८७ च्या, दंडाच्या. फेरफार साहेब, तुम्ही म्हणालात तशाच पिवळ्या. तिला वाचता येत नाही, पण सासऱ्यानं सांगितलं होतं "हे जाळू नको", म्हणून चाळीस वर्षं सांभाळल्या.

मोजणी झाली. बटाईवाल्या शेतकऱ्याच्या बाजूनं १४ गुंठे आत आल्याचं निघालं. तो मोजणीला हजर होता, पंचनाम्यावर सही केली. काही बोलला नाही.

विळा_खुरपं

सतरा माणसं! भाऊ, पहिल्यांदा तुम्ही माणसं मोजलीत. हजेरी कोण लिहिणार?

मुरमाड_माळ

मावशीची पोरगी. बारावी झालीय, अक्षर चांगलं आहे. आणि ती कुणाला भीत नाही.

काल बाजारातून वही आणली, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर सतरा नावं लिहिली, घराच्या क्रमानं नाही, जो जसा बांधावर आला तसा. मावशीचं नाव चौथं. पहिली नोंद दगड वेचण्याची, अर्धा दिवस, तेरा माणसं. पोरीनं मोठ्यानं वाचली. माझ्या आईनं आपलं नाव दोनदा वाचायला लावलं.

जुनी_वही काका, कडब्याचं पान कसं आखायचं ते सांगा. आमच्याकडं बाजरीचं सरमाड निघेल, तुरीच्या तुराट्या निघतील. जनावर फक्त तीन घरांत आहे, दोन शेळ्या आणि एक गाय.

जुनी_वही

पेंढी बांधतानाच मोज. एका हाताच्या मापाची दोरी ठरव, सगळ्या पेंढ्या त्याच दोरीच्या. पान आडवं धर. पहिला रकाना माणसाचं नाव, दुसरा एकूण दिवस, तिसरा वाट्याला आलेल्या पेंढ्या, चौथा नेल्या किती, पाचवा ठेवल्या किती. ज्यांच्याकडं जनावर नाही त्यांच्या पेंढ्यांचा दर काढणीच्या आधीच, ज्येष्ठातच ठरवा. पीक उभं राहिल्यावर ठरवू नका. गंजी एकच लावा, मावशीच्या घराजवळ, आणि पेंढी काढताना वही जवळ असल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

तुराट्यांचं वेगळं पान कर. त्या जळणाला लागतात, त्याचा हिशोब बायकांना विचारून आख.